हेअर डायच्या खोक्यातला घडीचा कागद



"संशोधनाचा विषय सापडतो कुठे?" पेट परीक्षेची तयारी करणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. दर वेळी मी सांगते की ग्रंथालयात बसा, जुने प्रबंध चाळा, मार्गदर्शकांशी बोला. हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. मला माझ्या विषयातलं एक अख्खं प्रकरण कचऱ्याच्या डब्यात सापडलं. आज त्याबद्दल लिहितेय. तुम्ही शास्त्र शाखेतून इतिहासाकडे वळणार असाल, तर हा लेख जरा निवांत वाचा.

आधी घरातली गोष्ट सांगते, मग इतिहासाकडे वळू.

सेलची पिशवी

दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीचं लग्न होतं कोल्हापूरला. दिवाळीनंतरचा सेल लागला होता, म्हणून जाताना पुण्याहून मी तीन वस्तू घेतल्या. आईसाठी निम्म्या किमतीतला हेअर डाय, एकावर एक फ्री मिळालेली लिपस्टिक आणि घसघशीत सूट असलेली परफ्यूमची छोटी बाटली. संशोधन करणाऱ्याची फेलोशिप कधी जमा होते ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे सेल म्हटलं की आपला हात जरा सैल सुटतो.

हळदीच्या आदल्या रात्री मी आईच्या केसांना डाय लावायला बसले. खोक्यात दोन ट्यूब, हातमोजे आणि बारीक अक्षरांचा एक घडीचा कागद. आई म्हणाली, "अगं, तो कागद वाच की आधी." मी म्हटलं, "आठ वर्षं डाय लावतेयस तू. कधी काही झालंय का? मग आता काय होणारे?" कागद चुरगळला आणि टाकून दिला. मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलंय, हे इथे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी हळदीला आईने नवी लिपस्टिक लावली, नवा परफ्यूम मारला. रात्री तिच्या कपाळाला आणि कानांमागे खाज सुटली. लग्नाच्या दिवशी सकाळी उठली तर दोन्ही पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे उघडेनात. मुहूर्ताला ती काळा चष्मा लावून मागच्या खुर्चीवर बसली होती. सख्ख्या भाचीच्या लग्नाच्या एकाही फोटोत तिचे डोळे दिसत नाहीत.

घरात लगेच कारणं निघाली. मावशी म्हणाली, "स्वस्तातलं आणलं, दुसरं काय!" मामाला परफ्यूमचा संशय. आजीच्या मते दृष्ट लागली. मी लिपस्टिकवर ठाम होते, कारण डाय तर ती वर्षानुवर्षं लावत होती. म्हणजे चार माणसं आणि चार कारणं, आणि एकाकडेही पुरावा नाही. पुरावा मिळणार तरी कसा? तीन नव्या वस्तू एका दिवसाच्या आत एकाच माणसावर वापरल्या होत्या. प्रयोगशाळेत मी असं केलं असतं तर सरांनी वही फेकून दिली असती.

सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी त्वचारोगतज्ज्ञांनी आईची पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांमध्ये वेगवेगळे पदार्थ चिकटवले आणि ४८ तास तसेच ठेवले. काढल्यावर एकदा पाहिलं, पुन्हा दोन दिवसांनी पाहिलं. बाकी सगळ्या जागा साफ होत्या. एकच चौकोन लाल झाला होता आणि त्यावर बारीक फोड आले होते. तिथे पीपीडी होतं, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमाइन. आठ वर्षं आई ज्या वेगवेगळ्या कंपन्यांचे काळे डाय लावत होती, त्या सगळ्यांत असणारा पदार्थ.

घरी आल्यावर मी कपाटातलं एक जुनं खोकं शोधलं आणि त्यातला कागद पहिल्यांदा नीट वाचला. त्यात लिहिलं होतं की वापरण्याआधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावा, २४ तास थांबा, आणि ही चाचणी प्रत्येक वेळी करा. 'प्रत्येक वेळी' का? २४ तासच का, डॉक्टरांनी तर ४८ तास ठेवलं होतं? आणि हे लिहिलं कुणी? या तीन प्रश्नांतून माझं ते प्रकरण सुरू झालं.

डाय आणि परफ्यूम: एकाच डांबरातून

गोष्ट १८५६ मध्ये लंडनमध्ये सुरू होते. विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या रसायनांपासून क्विनीन बनवायचा प्रयत्न करत होता. क्विनीन काही झालं नाही, पण जांभळा रंग मिळाला, मॉव्हिन. तिथून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. याच पर्किनने १८६८ मध्ये कुमारिन हे सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं. १८८२ मध्ये उबिगां या फ्रेंच कंपनीच्या 'फुजेर रॉयाल' या परफ्यूममध्ये ते वापरलं गेलं, आणि कृत्रिम द्रव्यांवर उभ्या असलेल्या आधुनिक अत्तरांची सुरुवात साधारण तिथून धरतात. म्हणजे माझ्या पिशवीतला डाय आणि परफ्यूम हे तसे एकाच घरचे.

पीपीडीसुद्धा याच रंग-रसायनशास्त्रातून आलं. १८८० च्या दशकात त्याचा उपयोग केस आणि फर रंगवण्यासाठी होऊ लागला. ते कसं काम करतं, हे समजून घ्या, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. पीपीडीचा रेणू अगदी लहान, रेणुभार फक्त १०८. स्वतः जवळजवळ रंगहीन. तो केसाच्या आत शिरतो. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्याचं ऑक्सिडीकरण होतं, रेणू एकमेकांना जोडले जातात, मोठे रंगीत रेणू तयार होतात आणि ते आतच अडकतात. म्हणून हा रंग धुतला तरी जात नाही. पण जो रेणू केसात शिरण्याइतका लहान असतो, तो त्वचेतही शिरतो. ज्या गुणामुळे डाय टिकतो, त्याच गुणामुळे तो काहींना बाधतो.

हे त्या काळातही लोकांच्या लक्षात आलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीने केसांसाठी पीपीडी वापरायला बंदी घातली. पॅरिसमध्ये १९०७ मध्ये ओजेन श्युलर या तरुण रसायनतज्ज्ञाने केसांचा रंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. आज तिला आपण लॉरिआल म्हणून ओळखतो. तिच्या मूळ फ्रेंच नावाचा अर्थ होतो 'केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी'. आता संशोधक म्हणून या नावाकडे बघा. 'निरुपद्रवी' हा शब्द नावातच घालावासा कधी वाटतो? गिऱ्हाइकाच्या मनात उपद्रवाची भीती आधीपासून असते तेव्हा. जाहिरात कशाचं आश्वासन देते ते पाहिलं, की लोक कशाला घाबरत होते ते कळतं. ही युक्ती वहीत टिपून ठेवा, कुठल्याही काळाच्या जाहिरातींना लागू पडते.

पॅच टेस्ट मुळात कुणासाठी होती

१८९५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात जर्मन त्वचारोगतज्ज्ञांची परिषद भरली होती. तिथे ब्रेस्लाऊहून आलेल्या योसेफ याडासोन यांनी आपली पद्धत मांडली. (ब्रेस्लाऊ म्हणजे आजच्या पोलंडमधलं व्रोत्स्वाफ.) त्या काळी पाऱ्याची मलमं सर्रास वापरली जायची आणि काही रुग्णांच्या अंगावर त्यांनी इसब उठायचं. याडासोन यांनी अशा रुग्णांच्या त्वचेच्या छोट्या भागावर पाऱ्याचं प्लास्टर लावलं, आणि नेमकी तेवढीच जागा लाल झाली. आजही जगभर पॅच टेस्टचा जन्म तिथेच धरतात.

याडासोन यांचा प्रश्न काय होता, ते लक्षात घ्या. त्रास झालेला माणूस समोर आहे, तर तो नेमका कशामुळे झाला? ही निदानाची चाचणी होती. आईच्या पाठीवर डॉक्टरांनी केली ती हीच.

खोक्यातल्या कागदावरची चाचणी दिसायला तशीच आहे, पण तिचा प्रश्न निराळा आहे. तुम्हाला अजून काहीच झालेलं नाही, पुढे होईल का? इथे चाचणीकडून भाकीत मागितलंय. १९४४ मध्ये लुई श्वार्ट्झ आणि सॅम्युएल पेक या अमेरिकी तज्ज्ञांनी नवी उत्पादनं बाजारात येण्याआधी माणसांच्या त्वचेवर कशी तपासावीत, ते मांडलं, आणि तिथे या चाचणीला चक्क 'भविष्य सांगणारी' असं विशेषण लावलं.

निदान आणि भाकीत यांतला फरक कळायला थोडं शरीरशास्त्र हवं. १९३५ मध्ये कार्ल लँडस्टायनर आणि जॉन जेकब्स यांनी गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं की साधी, लहान रेणूंची रसायनंसुद्धा त्वचेत अॅलर्जी निर्माण करू शकतात. असे रेणू शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात आणि मग शरीर त्या जोडीला परकं समजतं. १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी दाखवलं की ही अॅलर्जी एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाते ती पेशींमार्फत. या पेशी जमायला वेळ लागतो, म्हणूनच खाज तासाभरात येत नाही, दीड-दोन दिवसांनी येते. आईची सूज लग्नाच्या सकाळी का आली, त्याचं उत्तर हे. हळदीच्या दिवशी लावलेल्या लिपस्टिक आणि परफ्यूमवर आम्ही संशय घेतला, कारण त्या वेळेने जवळच्या होत्या. खरं कारण आदल्या रात्रीचं होतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ही अॅलर्जी जन्मजात नसते, ती घडते. पहिल्यांदा किंवा दहाव्यांदा संपर्क येतो, तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही, पण आत शरीर त्या रेणूची ओळख लक्षात ठेवत असतं. मग एके दिवशी ते पेटतं. त्यामुळे "आठ वर्षं काही झालं नाही" हे माझं वाक्य सुरक्षिततेचा पुरावा नव्हतंच. ते फक्त आठ वर्षांच्या संपर्काची नोंद होती. त्यात भर म्हणजे आईने आधीच्या एका लग्नात हातावर काळी मेंदी काढली होती. शुद्ध मेंदीचा रंग केशरी-तांबडा ते तपकिरी येतो. झटपट कुळकुळीत काळी होणाऱ्या मेंदीत अनेकदा पीपीडी मिसळलेलं असतं. आईची अॅलर्जी मेंदीने घडली की डायने, हे आता सांगता येणार नाही. पण कागदावर 'प्रत्येक वेळी' का लिहिलेलं असतं, ते मात्र इथे कळतं.

१९३३: पापण्यांचा रंग

आता हे कागदावर आलं कसं ते पाहू. त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल, कारण कागदावरच्या वाक्यांचा माग तिथे लागतो.

अमेरिकेत १९०६ चा अन्न आणि औषध कायदा होता, पण त्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच. प्रसाधन कितीही घातक निघालं, तरी सरकारी यंत्रणेला ते बाजारातून उचलता येत नव्हतं. १९३० च्या दशकात तिथल्या ब्यूटी पार्लरमध्ये 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या आणि भुवया रंगवायचा डाय वापरला जायचा. त्यात पीपीडीच्या जातीचा रंग होता. १९३३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये त्याने डोळ्यांना झालेल्या भयानक इजांचे अहवाल छापून आले. काहींची दृष्टी गेली. १९३४ मध्ये एका मृत्यूची नोंदही झाली.

सरकारी अधिकाऱ्यांच्या हातात कायदा नव्हता, म्हणून त्यांनी प्रदर्शन मांडलं. कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेली घातक उत्पादनं, त्यांच्या जाहिराती आणि ती वापरलेल्या माणसांचे फोटो एकत्र लावले. लॅश ल्यूर वापरण्याआधीचा आणि वापरल्यानंतरचा एका बाईचा फोटो त्यात होता. वार्ताहर या प्रदर्शनाला 'भयदालन' म्हणू लागले. त्याच विभागात काम करणाऱ्या रूथ डी-फॉरेस्ट लॅम्ब यांनी १९३६ मध्ये यावर पुस्तकही लिहिलं. महिला संघटनांनी नव्या कायद्याची मागणी लावून धरली. तरीही १९३३ मध्ये मांडलेलं विधेयक पाच वर्षं रखडलं. १९३७ मध्ये 'एलिक्सिर सल्फानिलामाइड' या औषधाने शंभरावर माणसं दगावली, त्यांत कितीतरी लहान मुलं होती. त्यानंतर कुठे चाकं फिरली आणि २५ जून १९३८ ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नव्या कायद्यावर सही केली. नव्या कायद्याखालच्या पहिल्या जप्त्यांमध्ये लॅश ल्यूर होतं.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. दुष्परिणाम झाले, आरडाओरड झाली, कायदा आला. बहुतेक लेख इथेच थांबतात. मीही थांबले होते. मग मार्गदर्शक म्हणाल्या, "कायद्याबद्दल वाचलंस. कायदा वाचलास का?"

कायदा वाचला आणि माझा लेख उलटा झाला. प्रसाधनांबद्दलच्या कलम ६०१ मध्ये म्हटलंय की वापरणाऱ्याला इजा करू शकेल असा घातक पदार्थ ज्यात असेल, ते प्रसाधन भेसळयुक्त समजावं. आणि लगेच त्याच वाक्यात अपवाद येतो: डांबरजन्य केसांच्या रंगांना हे लागू नाही. अट एकच. लेबलवर ठरावीक इशारा हवा आणि सोबत आधी करायच्या चाचणीच्या सूचना हव्यात. शिवाय पापण्या-भुवयांचे रंग या सवलतीतून वगळले होते. म्हणजे ज्या रसायनामुळे भयदालन भरलं, ते पापण्यांसाठी बंद झालं, पण डोक्यासाठी एका कागदाच्या बदल्यात चालू राहिलं.

आता तो कागद पुन्हा बघा. वरवर तो फक्त काळजीपोटी दिलेला सल्ला वाटतो. त्यात काळजी आहेच, सूचना पाळली तर अनेकांचा त्रास टळतो. पण त्याचबरोबर तो एक तडजोडही आहे. कारखान्याने द्यायचा सुरक्षिततेचा पुरावा तिथे गिऱ्हाइकावर सोपवलाय. प्रयोगशाळा तुमचं न्हाणीघर, प्रयोग तुमच्या कानामागे, निरीक्षकही तुम्हीच, आणि निष्कर्ष चुकला तर तेही तुमच्याच अंगावर.

तोच कागद आपल्याकडे

आपल्याकडे १९४० चा औषध कायदा होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधनं आली आणि नाव 'औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा' झालं. त्याखालच्या नियमांत हेअर डायसाठी वेगळा नियम आहे, २०२० पर्यंत त्याचा क्रमांक १४९ होता. तो मी अमेरिकी कलमाशेजारी ठेवून ओळीने वाचला. इशाऱ्याची रचना जवळपास शब्दशः तीच आहे: या उत्पादनातल्या घटकांमुळे काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी करा, आणि पापण्या-भुवयांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. लॅश ल्यूर आपल्याकडच्या बायकांना कदाचित माहीतही नसेल, पण त्याची आठवण कोल्हापूरच्या वाण्याकडच्या खोक्यातही शिल्लक आहे.

फरक शोधणं हे साम्य शोधण्याइतकंच महत्त्वाचं असतं. अमेरिकी कलम चाचणीच्या सूचना 'सोबत असाव्यात' एवढंच म्हणतं. आपला नियम त्या सूचना स्वतःच लिहून देतो. जागा कोणती, साबणाने किंवा अल्कोहोलने स्वच्छ कशी करायची, २४ तास थांबायचं, आणि चाचणी दर वेळी करायची. मुख्य म्हणजे हे सगळं इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत छापायला सांगतो. आणि २४ तासांत काही दिसलं नाही तर अॅलर्जी नाही असं 'धरायला हरकत नाही', असा त्याचा सूर आहे. हा सूर मला फार बोलका वाटतो. नियम लिहिणाऱ्याने 'अॅलर्जी नाही' असं ठाम म्हटलेलं नाही. दवाखान्यात ४८ तास आणि त्यानंतरही पाहतात, मग घरी २४ का? चार दिवस थांबायला सांगितलं तर कुणी थांबणारच नाही, हा व्यवहार त्यामागे असावा, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, प्रबंधात मी तो अंदाज म्हणूनच लिहिलाय. शिवाय पीपीडी पुन्हापुन्हा त्वचेला लावून पाहण्यानेच काहींची अॅलर्जी घडू शकते का, यावर त्वचारोगतज्ज्ञांमध्ये आजही वाद आहे.

परफ्यूमच्या बाटलीचं काय? तिच्या बाबतीत तर इतकाही कागद नसतो. घटकांच्या यादीत 'परफ्यूम' हा एक शब्द असतो आणि त्याखाली कितीतरी द्रव्यं दडलेली असतात. १९७७ मध्ये वॉल्टर लार्सन यांनी परफ्यूमची अॅलर्जी असलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून सुगंधी द्रव्यांचं एक मिश्रण सुचवलं, ते पुढे पॅच टेस्टच्या नेहमीच्या संचात आलं. युरोपने २००३ मध्ये २६ सुगंधी द्रव्यांची नावं लेबलवर स्वतंत्रपणे छापणं बंधनकारक करायचं ठरवलं. त्या यादीत पर्किनचं कुमारिनही आहे. लेबलवरचा एक शब्द फुटून सव्वीस व्हायला कुमारिनच्या जन्मापासून १३५ वर्षं लागली.

स्वस्ताचा दोष किती?

आता मावशीच्या मुद्द्याकडे येते. "स्वस्तातलं आणलं म्हणून." हे ऐकून मला कितीतरी दिवस अपराधी वाटत होतं. पण इतिहास आणि रसायनशास्त्र दोन्ही सांगतात की दोष सवलतीचा नव्हता. पूर्ण किमतीच्या, महागड्या काळ्या डायमध्येही पीपीडी किंवा त्याचे भाऊबंद असतात. पैसे जास्त मोजल्याने रेणू बदलत नाही.

मात्र सेलमुळे आपलं वागणं बदलतं, आणि तिथे मी चुकले. सेलमध्ये आपण नेहमीची वस्तू सोडून अनोळखी वस्तू घेतो. एकदम तीन-चार घेतो. घरी आलो की सगळ्या एकाच दिवशी वापरून बघतो. मुदत जवळ आलेली असली तर घाई आणखी वाढते. मग काही बिघडलं तर कारण कधीच सापडत नाही. आणि काही बिघडलं नाही तर "मला सूट होतं" एवढ्यावर आपण दुसऱ्यांनाही शिफारस करून मोकळे होतो.

लग्नानंतर ती लिपस्टिक आणि तो परफ्यूम पडूनच होते. ते मी कसे वापरून पाहिले ते सांगते, कारण ही पद्धत तुम्हाला प्रयोगाच्या आराखड्यासाठीही उपयोगी पडेल. आधी खोक्याचा फोटो काढला, त्यात बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत आणि घटकांची यादी आली. मग एका वेळी एकच वस्तू. कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी, आणि दुसऱ्या हाताची तीच जागा तुलनेसाठी मोकळी. चार दिवस रोज नोंद, 'काही नाही' हीसुद्धा नोंद. मध्ये आठवडाभर विश्रांती, मग दुसरी वस्तू. माझ्या हातावर दोन्हींनी काही झालं नाही. आईने मात्र त्या वापरल्या नाहीत, आणि मीही आग्रह केला नाही. माझ्या हातावर काही झालं नाही, यावरून तिच्याबद्दल काहीच सांगता येत नाही. ज्याला आधी जोराची अॅलर्जी येऊन गेलीय, त्याने तर असले घरगुती प्रयोग करूच नयेत, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.

तुमच्यासाठी गृहपाठ

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एक छोटं काम देते. घरातलं कुठलंही एक खोकं घ्या. डास मारायची वडी, खोकल्याचं औषध, केसांचं तेल, काहीही. त्यातला कागद किंवा लेबल वाचा आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

एक, यातलं कोणतं वाक्य कंपनीने आपणहून लिहिलंय आणि कोणतं कायद्याने लिहायला लावलंय? दोन, कायद्याने लावलेलं वाक्य कोणत्या वर्षी आलं आणि त्याआधी काय घडलं होतं? तीन, तेच वाक्य दुसऱ्या देशाच्या कायद्यात आहे का, आणि शब्दांत काय फरक आहे? चार, त्या वाक्यामुळे जबाबदारी कुणाकडून कुणाकडे गेली?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर पानभर आलं, तर समजा की विषयाची सुरुवात झाली. आणि हो, कायद्याबद्दल वाचून थांबू नका, मूळ कलम उघडून वाचा. अपवाद बहुतेक वेळा त्याच वाक्यात पुढे असतो.

आई आता केस रंगवत नाही. डॉक्टरांनी दिलेलं कार्ड तिच्या पर्समध्ये असतं, त्यावर पीपीडीचं पूर्ण नाव लिहिलंय. मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंनी सेलमधून डाय आणला, तेव्हा आईनेच खोकं उघडलं, कागद बाहेर काढला आणि मला फोन लावून म्हणाली, "हे बारीक अक्षर मला दिसत नाही, फोटो पाठवलाय. वाचून दाखव, काकू ऐकतायत." मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला.